‘हे तर कुणालाही सुचलं असतं’ म्हणण्याआधी

पेटंट कायद्यातला सगळ्यात निसरडा प्रश्न म्हणजे: हे सुचणं उघड होतं का? त्यासाठी इंग्लंडमधला २००८ चा एक निकाल बघू. ब्लॅकबेरीवाली ‘रिसर्च इन मोशन’ विरुद्ध ‘व्हिस्टो’.

व्हिस्टोचं पेटंट डेटा सिंकचं. ऑफिसमधले ईमेल फायरवॉलच्या आत असतात, बाहेरून शिरता येत नाही. म्हणून आतल्याच प्रोग्रॅमने बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधायचा, कुठे काय बदललंय ते तपासायचं आणि दोन्हीकडचं जुळवायचं. न्यायमूर्ती फ्लॉइड यांनी हे जाणकाराला उघड होतं म्हणून पेटंट रद्दबातल ठरवलं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? धुळ्याच्या दुकानाची वही जळगावच्या पेढीवर जुळवतातच की! उदाहरण गोड आहे, पण फसवं. एकाच नोंदीत दोन्हीकडे वेगवेगळा बदल झाला तर मुनीम फोन करून विचारतो. प्रोग्रॅमला त्यासाठी नियम लागतो. पेटंटमध्ये तपासायचा तो हा नियम. ‘जुळवणं’ जुनं आहे एवढ्याने जुळवण्याची प्रत्येक रीत जुनी ठरत नाही.

उत्तर कळल्यावर कोडं सोपंच वाटतं. म्हणून इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००७ मध्ये ‘पोझोली’ खटल्यात पायऱ्या नीट मांडल्या: जाणकार कोण आणि त्याला काय ठाऊक होतं, शोधाचा गाभा काय, आधीच्या ज्ञानापेक्षा फरक काय, आणि शोध माहीत नसताना तो फरक उघड वाटला असता का.

आपल्याकडे कलम २(१)(जेए) मध्ये तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व लागतं, आणि शिवाय शोध जाणकाराला उघड नसावा लागतो. पण जुने दोन दस्तऐवज शेजारी ठेवून ‘म्हणून उघड’ म्हटलं की झालं? नाही. ‘ॲग्रीबोर्ड’ प्रकरणात (२०२२) दिल्ली उच्च न्यायालयाने बजावलं की आधी काय होतं, अर्जात काय आहे आणि एकातून दुसरं जाणकाराला कसं सुचलं असतं, हे तिन्ही आदेशात दिसायला हवं. माझ्या मते खरी कसोटी तिसऱ्या मुद्द्यावर लागते, आणि घाईत गाळला जातो तोही तोच.

हे निव्वळ वकिली नाही बरं का. समजा रावेरमध्ये कुणी केळीच्या वजनाचं, नेट नसतानाही चालणारं ॲप बनवतंय. पेटंट सैलपणे दिलं, तर साध्या सिंकसाठीही त्याची वाट अडते. कारण न देता नाकारलं, तर त्याचा स्वतःचा खरा शोधही ‘वहीच तर आहे’ म्हणून बुडतो.