गोष्ट कुठे थांबवली?

सत्यघटनेवरचा चित्रपट बघून आपण बाहेर पडतो आणि विचारतो, ‘हे खरंच असं घडलं होतं का?’ मला हा प्रश्न अपुरा वाटतो. प्रत्येक प्रसंग खरा असूनही आयुष्य खोटं होऊ शकतं. कसं, ते बघू.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. त्यांच्यावर परेश मोकाशींनी २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट केला. नंदू माधव यांचे फाळके हसरे, खटपटे, थोडे वेडे. विम्यावर कर्ज काढतात, लंडनहून कॅमेरा आणतात. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा खानावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवतात. हे सगळं घडलेलं आहे. १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लागतो, आणि यशाच्या भरातच आपला निरोप घेतला जातो.

आता बाहेर काय राहिलं? गोध्र्याला प्लेगमध्ये गेलेली पहिली पत्नी आणि मूल. पुढे स्वतःच्याच कंपनीत भागीदारांशी झालेले वाद. मग बोलपट आला. फाळक्यांनी पूर्ण बोलपट केला तो एकच, १९३७ चा ‘गंगावतरण’. १९४४ च्या फेब्रुवारीत ते नाशकात गेले, तेव्हा चित्रसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती.

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, इतिहासकार घडलेलं सांगतो, कवी घडू शकेल ते सांगतो. मोकाशींनी कवीचा हक्क बजावला. हार घातलेल्या फोटोतून त्यांनी फाळक्यांना बाहेर काढलं, हे मोठंच काम आहे. दीड-दोन तासांत सगळं आयुष्य मावत नाही, हेही मान्य.

माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. आपण अशा चित्रपटातून घरी नियम घेऊन जातो : झपाटून कष्ट करा, यश येणारच. पिंपळगावात हे कोण मानेल? द्राक्षाच्या एका चांगल्या हंगामावरून कुणी बागेचा हिशेब मांडत नाही. अवकाळीनं ज्याचे घड गेले, त्यानं काय कष्ट कमी केले होते? पडत्या काळातले फाळकेही तेच फाळके होते ना! झपाटलेपण तेच, काळ फिरला होता.

म्हणून पुढच्या वेळी एवढंच विचारा : गोष्ट कुठे सुरू केली, कुठे थांबवली, आणि तिथेच का? जिथे ती थांबवली, त्याच्या पुढेही तो माणूस जगत होता.