नेम, छंद आणि हौस : पिस्तुलाच्या नादाची एक चिकित्सा



विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला पिस्तुलाशी काय देणंघेणं?’ प्रश्न रास्त आहे. पण बघा, 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसच्या स्पर्धेत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक मिळवलं. 1952 साली हेलसिंकीला आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी पदक आणलं, त्यानंतर वैयक्तिक पदक महाराष्ट्राच्या वाट्याला आलं ते थेट आता. साहजिकच सातारा-सांगलीकडच्या घरांतही मुलं-मुली म्हणायला लागली, मला नेमबाजी शिकायचीय. आईवडील बिचकतात. घरात पिस्तूल? दुसरीकडे, पिस्तूल हातात धरून फोटो काढायची हौस वेगळीच वाढतेय. दोन्हीकडे वस्तू एकच आणि दोन्हीला आपण ‘नाद’ म्हणून मोकळे होतो. हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टी झाकतोय का, हे आज तपासायचंय.

आधी शब्दांकडेच बघू. मराठीत ‘नेम’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे नियम, व्रत. आजी म्हणायची, ‘माझा नेम आहे, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही.’ दुसरा म्हणजे लक्ष्यावर धरलेला नेम. आणि ज्याचा भरवसा नाही त्याला आपण म्हणतो, ‘त्याचा काही नेम नाही.’ छंदाचंही तसंच. छंद म्हणजे आवड, आणि छंद म्हणजे पद्याचं वृत्तही, मापानं बांधलेलं. हौसेला मात्र असा दुसरा अर्थ नाही. हौस भागवायची असते, तिला माप नसतं. माझं आजचं सगळं म्हणणं या तीन शब्दांत आहे. पिस्तूल हाताळणं हा छंद होऊ शकतो, पण त्यातला लक्ष्यावरचा नेम जोवर नियमाच्या नेमाखाली आहे तोवरच.

आता वस्तू समजून घेऊ. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय? एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते. त्या गोळीच्याच जोरावर मागचा भाग सरकतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं पुढचं आत बसतं. चाप मात्र प्रत्येक गोळीला नव्यानं ओढावा लागतो. 25 मीटर स्पर्धेतलं स्पोर्ट पिस्तूल या जातीचं. .22 कॅलिबर, पाच-पाच गोळ्यांच्या फैरी. कोल्हापूरच्या राही सरनोबतचा हाच प्रकार. 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांगला अंतिम फेरीत बरोबरी झाली, दोन शूट-ऑफ झाले आणि तिनं सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

या पिस्तुलात खेळाडू बदल करतो ते कशात? मुख्यतः मुठीत. अक्रोडाच्या लाकडाची मूठ घेतात, कानशीनं घासतात, जिथं तळव्याला पोकळी राहते तिथं लुकण भरतात, पुन्हा घासतात. चापाची जागा पुढंमागं करतात, त्याचं वजन जुळवतात, फ्रंट साइटची रुंदी बदलतात, तोल साधायला छोटी वजनं लावतात. हे करताना नियमांची चौकट सोडता येत नाही. पिस्तूल 1400 ग्रॅमपेक्षा जड नको. चापाला किमान 1000 ग्रॅमचा दाब लागलाच पाहिजे. सगळं पिस्तूल 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. मुठीनं मनगटाला आधार देता कामा नये. दुर्बीण नाही, लाल ठिपक्याची साइट नाही. आणि धरायचं एका हातानं.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, दोन हात असताना एकच का? बरोबर इथंच विषयाची गोम आहे. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं 1978 च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. त्याचा आशय असा, की खेळ म्हणजे गरज नसलेले अडथळे आपखुशीनं अंगावर घेऊन ते पार करणं. भोक पाडायचंच असेल तर कागदाजवळ जाऊन पेन्सिलीनं पाडता येईल. आपण 25 मीटरवर, एका हातानं, तीन सेकंदांत पाडायला जातो, कारण ते कठीण आहे. जलद फेरीत हात 45 अंशाच्या खाली ठेवून उभं राहायचं, खूण मिळाली की तीन सेकंदांत हात वर आणून एकच गोळी, मग सात सेकंद थांबायचं. असं पाच वेळा.

आता आपल्याकडची एक गोष्ट आठवा. मिरजेचा तंबोरा. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, केसाएवढं घासतो, दोरा सरकवून ऐकतो, पुन्हा घासतो. जवारी लागेपर्यंत हे चालतं. गवय्या बदलला की जवारीही बदलावी लागते. मुठीचं काम मला याच जातीचं वाटतं. दोन्हीकडे साधन एका माणसाच्या देहाला जुळवलं जातं आणि दोन्हीकडे ते दुसऱ्याच्या कामाचं राहत नाही. उजव्या हाताची अशी मूठ डावखुऱ्याला धरताच येत नाही. हे पिस्तूल कमरेला खोचता येत नाही, चटकन काढता येत नाही. जितकं ते खेळाडूच्या हाताचं होतं, तितकं त्याचं शस्त्रपण कमी होत जातं. पूर्ण जात नाही हां, त्याकडे मी येतोच.

इथं एका लाडक्या दाखल्याची चिकित्सा केली पाहिजे. नेमबाजाच्या सत्काराला गेलं की वक्ता हमखास अर्जुनाची गोष्ट सांगतो : झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो. टाळ्या पडतात. पण पिस्तूल शिकवणारा प्रशिक्षक याच्या नेमकं उलटं शिकवतो. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. मागची साइट, पुढची साइट आणि लक्ष्य, या तिन्हींपैकी स्पष्ट दिसायला हवी ती पुढची साइट. लक्ष्य धूसरच राहू द्यायचं.

का? साधं त्रैराशिक आहे. दोन साइटमधलं अंतर जास्तीत जास्त 220 मिलिमीटर. पुढची साइट एक मिलिमीटर सरकली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 114 मिलिमीटर, म्हणजे चांगली चार बोटं नव्हे तर जवळजवळ वीतभर निम्म्यानं ढळते. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या फक्त 25 मिलिमीटर. म्हणजे दहाचे थेट सहा गुण होतात. उलट दोन्ही साइट जुळलेल्या असताना अख्खा हात समांतर एक मिलिमीटर हलला, तर कागदावरही फरक तेवढाच, एक मिलिमीटर. तेव्हा लक्ष्याकडे डोळे लावून बसणारा चुकतो आणि स्वतःच्या हातातल्या साधनाकडे बघणारा साधतो. अर्जुनाचा दाखला महत्त्वाकांक्षेला ठीक आहे. नेमबाजीला तो लागू पडत नाही. पदकाकडेच बघत राहा असं मुलांना सांगणाऱ्या पालकांनी हे जरा मनावर घ्यावं.

दुसरा लाडका दाखला आमच्याच गोटातला. ‘नेमबाजी म्हणजे ध्यान.’ याचं मूळ बऱ्याचदा ऑयगन हेरिगेल या जर्मन प्राध्यापकाच्या 1948 च्या पुस्तकात सापडतं, जपानी धनुर्विद्या आणि झेन यांवरच्या. हा मनुष्य 1924 ला जपानला तत्त्वज्ञान शिकवायला गेला आणि आवा केन्झो या गुरूकडे धनुष्य शिकला. रायफल-पिस्तूल चालवल्याचा आपला अनुभव इथं कामी येईल, असं त्याला आधी वाटलं होतं. बाण आपसूक सुटावा असं गुरू म्हणे. यानं चापावर दाब वाढवावा तशी बोटांची एक हळू सोडवणूक शोधून काढली. गुरूला ती फसवणूक वाटली आणि तो शिकवायलाच तयार होईना.

पुस्तक गोड आहे, पण दोन ठिकाणी अडतं. एक, शोजी यामादा या जपानी अभ्यासकानं दाखवून दिलं, की गुरू-शिष्यांमध्ये भाषेची अडचण मोठी होती आणि त्यातल्या गूढ क्षणांवर हेरिगेलच्या स्वतःच्या अपेक्षांचा रंग चढलाय. दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. हाच हेरिगेल 1937 साली नाझी पक्षाचा सदस्य झाला. चित्त स्थिर झालं म्हणजे विवेक आला असं होत नाही. स्थिर हात कुणाच्याही कामी येतो. म्हणून ‘मुलाची एकाग्रता वाढेल’ हे या छंदाचं पुरेसं समर्थन नाही. एकाग्रता बगळ्याकडेही असते.

मग समर्थन कशात शोधायचं? नियमांत. आणि नियमही कसले, हे बघावं लागतं. जगात पिस्तुलाच्या छंदाचा दुसरा एक मोठा प्रवाह आहे, प्रॅक्टिकल शूटिंगचा. 1976 साली अमेरिकेत कोलंबिया, मिसूरी इथं त्याची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. ब्रीद लॅटिनमध्ये : अचूकता, शक्ती, वेग. इथं खेळाडू धावतो, आडोशामागून मारतो, मॅगझिन बदलतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळानं भागतात. ‘ओपन’ विभागात पिस्तुलावर दुर्बिणीसारखी साइट चालते, धक्का कमी करणारं नळकांडं चालतं, मोठं मॅगझिन चालतं. आणि काडतूस जास्त जोराचं असेल तर मध्यापासून लांब लागलेल्या गोळीलाही जास्त गुण मिळतात.

त्या खेळाची शिस्त कडक आहे हे मान्य केलं पाहिजे. नळी ठरलेल्या कोनाबाहेर गेली की खेळाडू तिथंच बाद. कौशल्यही अफाट. पण तिथले बदल शस्त्राला अधिक समर्थ करत जातात, आणि शक्तीला गुण देणारा नियम शस्त्राच्या मूळ हेतूची आठवण जागी ठेवतो. ऑलिंपिक पिस्तुलात गोळीच्या जोराला कवडीचा मान नाही. कागदाला भोक पडलं, बस्स. मला विचाराल तर छंद म्हणून माझी पसंती या दुसऱ्याला आहे, आणि कारण नैतिक आहे.

आपल्या मातीत शस्त्राचा एक तिसरा संबंधही आहे. सातारा-सांगली हे 1949 पर्यंत एकच जिल्हा होते. त्या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली. 1878 च्या इंग्रजांच्या कायद्यानं सर्वसामान्य भारतीयाच्या हातून हत्यार काढून घेतलेलं होतं, त्या काळात तुफान सेनेनं हत्यार हाती धरलं. तिथं शस्त्राचं माप शस्त्राबाहेर होतं, स्वातंत्र्यात. त्यावर वाद घाला, पण माप होतं. छंदात बाहेरचा हेतू नसतो, म्हणून माप आतून यावं लागतं, नियमातून. आणि तलवारीनं केक कापणं, लग्नात हवेत गोळ्या झाडणं, कमरेचं पिस्तूल दिसेल असं बसणं? तिथं बाहेरचं माप नाही, आतलंही नाही. ती निव्वळ हौस. अशा माणसाचा, आपल्या भाषेत, काही नेम नाही. प्रतिसरकारचा वारसा सांगून ही हौस भागवणाऱ्यांनी निदान तो वारसा मध्ये आणू नये.

कायदाही हा भेद करतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली. एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच परवानाधारक बंदुका ठेवता येतात, नोंदणीकृत नेमबाजांना वेगळी सवलत आहे. आनंदाप्रीत्यर्थ गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणं, एका प्रकारच्या हत्याराचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणं हा गुन्हा आहे. म्हणजे मूठ घासा, पण हत्याराची जात बदलायला जाऊ नका.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. ‘सर, हे सगळं ठीक, पण .22 ची गोळी माणूस मारते. कागदावर भोकंच पाडायची तर खरं पिस्तूल कशाला?’ या आक्षेपाला पळवाट नाही. ते मारू शकतं, हे खरंच आहे. म्हणून तर रेंजवर काम नसताना चेंबरमध्ये रंगीत सुरक्षा-दोरी घालतात आणि हुकूम मिळाल्याशिवाय गोळी भरत नाहीत. ज्या दिवशी खेळाडूला हे सोपस्कार वाटतील, त्या दिवशी त्याचा छंद संपला असं समजावं. खंडेनवमीला आपण कोयता, विळा, लेथ मशीन पाटावर मांडून किंवा जागेवरच हळदकुंकू लावतो. साधन आपल्यापेक्षा मोठं नुकसान करू शकतं, याची ती कबुली असते. वर्षातून एकदाची ही कबुली नेमबाजाला रोज द्यावी लागते.

आणि व्यवहार म्हणाल तर, सुरुवात हवाई पिस्तुलानं करावी. 0.177 कॅलिबर आणि 20 ज्यूलच्या आतलं हवाई पिस्तूल 2016 च्या नियमांनुसार परवान्यातून मुक्त आहे. वर्ष-दोन वर्षं त्यात घालवावीत. निम्मा सराव तर गोळीशिवायच असतो : भिंतीसमोर उभं राहायचं, हात उचलायचा, साइट जुळवायची, चाप ओढायचा. काही होत नाही. आवाज नाही, धूर नाही, बघायला कुणी नाही. त्यात ज्या मुलीला रोज अर्धा तास रमता येतं, तिला छंद लागलाय असं खुशाल समजा आणि तिच्या पाठीशी उभे राहा. ज्याला चार दिवसांत कंटाळा येतो आणि ‘खरं कधी मिळणार?’ हाच प्रश्न पडतो, त्याला अजून थांबवा. रागावू नका, थांबवा.

माझं म्हणणं इथं संपलं. कुणी नेमबाजीचे प्रशिक्षक इथं बसले असतील तर त्यांनी दुरुस्त्या जरूर सुचवाव्यात, आणि पालकांनी आधी विचारावं.