कीर्तनातले बेदर आणि पोथीतले बेदर

दामाजीपंतांचे आख्यान ऐकले नाही असा देवळातला मराठी श्रोता सापडणे कठीण. मंगळवेढ्याचा दुष्काळ, सरकारी कोठारांतून भुकेल्यांना वाटलेले धान्य, बादशहाचे बोलावणे, आणि विठू महाराच्या वेषात थैली घेऊन बेदरच्या दरबारी गेलेला पांडुरंग. हा कथाभाग रंगवताना बुवांच्या तोंडी ‘बेदर’ हा शब्द आला की मृदंगावर जोराची थाप पडते आणि लहान मुले आईला बिलगतात. तेथे बादशहा बसतो, मुंडकी उडतात, आणि आपला साधा भक्त तेथे दोर बांधून नेला जातो. बेदरची एवढीच ओळख अनेकांच्या मनात आयुष्यभर राहते.

प्रस्तुत लेखकाचे घराणे भालकी तालुक्यातले, म्हणजे त्याच बेदर जिल्ह्यातले. गाव सांगितले की पुण्यामुंबईचा भला गृहस्थ प्रथम ‘बादशहाचे बेदर!’ म्हणतो, मग ‘ते आंध्रात ना?’ असे विचारतो, आणि शेवटी ‘पण तुमचे मराठी अगदी शुद्ध आहे हो’ अशी पावती देतो. बंगळुरात तोच मनुष्य ‘महाराष्ट्राकडचा’ ठरतो. हे सारे हसण्यावारी नेता आले असते. परंतु मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असता ‘बेदरकडचे स्थळ’ म्हणून आवाज खाली येतो, तेव्हा ते हसण्यापलीकडे गेलेले असते. १९५६ साली हैदराबाद संस्थानच्या जुन्या बेदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगे, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड व जहीराबाद आंध्रात गेले, आणि बेदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. एकाच घरातल्या बहिणींची माहेरे तीन राज्यांत पडली. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. वकिलाने त्याविषयी मासिकात बोलू नये, म्हणून मी तेथेच थांबतो. माझा आक्षेप नकाशावर नाही, आख्यानावर आहे.

महीपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ सालचा. त्यातली दामाजीची कथा बुवांच्या साथीवाचून, नुसती वाचून पाहावी. दामाजीविरुद्धची चहाडी बेदरात उपजत नाही; ती त्याच्याच कचेरीतून जाते. बादशहाचा प्रश्न एवढाच, की सरकारी धान्य परवानगीवाचून वाटले, त्याचा हिशेब काय? हा प्रश्न आजचा कोणताही हिशेबतपासनीस विचारील, आणि अधिक उद्धटपणे विचारील. रक्कम हाती येताच हा जुलमी राजा लेखी पोच देतो, कैद्याला सन्मानाने वागवतो, आणि पुढे तर त्या विठू महाराचे रूप पुन्हा पाहायला मिळावे म्हणून व्याकूळ होतो. आमच्या व्यवसायात असा धनको सापडत नाही! ज्याला पांडुरंग स्वतः चालत जाऊन भेटला तो मनुष्य पंढरीत नव्हे, बेदरात बसला होता, ही महीपतींच्या कथेतली खरी खोच; आणि नेमकी तीच कीर्तनात गळते.

इतिहासाचीही थोडी गफलत होते. पुष्कळ बुवा दुर्गादेवीच्या दुष्काळाला दामाजीशी जोडतात. तो दुष्काळ १३९६ च्या सुमारास सुरू झाला. तेव्हा बहामनींची राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, होती. बेदर राजधानी झाले ते पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, अहमदशहा वलीच्या कारकीर्दीत. दामाजीच्या नावाने ओळखला जाणारा दुष्काळ १४६० च्या सुमाराचा मानतात. त्या वेळी गादीवर हुमायूनशहा होता, आणि फेरिश्त्याने त्याला क्रूर म्हणून रंगवले आहे हे लपवण्याचे कारण नाही. पण त्याची कारकीर्द १४५८ ते १४६१ एवढीच. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १४७२ मध्ये, त्याच गावात महमूद गवानचा मदरसा उभा राहिला. तीन वर्षांच्या राजावरून पाचशे वर्षांच्या गावाचा निकाल देणे हे कोणत्या न्यायात बसते?

याच श्रोत्यांच्या घरी दुसरे एक बेदर आहे, आणि ते देव्हाऱ्यापाशी ठेवलेले आहे. ‘गुरुचरित्रा’च्या नवव्या अध्यायात कुरवपुरी श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा एक रजक राजवैभव पाहून मोहित होतो आणि पुढल्या जन्मी यवनकुळात राजा होण्याचा वर मिळवतो. प्रचलित पोथीच्या पन्नासाव्या अध्यायात तो राजा भेटतो. मांडीवरच्या फोडाने बेजार होऊन तो गाणगापुरी श्रीनृसिंह सरस्वतींना शरण येतो, बरा होतो, आणि त्यांना मोठ्या थाटाने आपल्या नगरात नेतो. ब्राह्मणांना तो दानधर्म करतो, आणि त्यावर आक्षेप घेणाऱ्या स्वधर्मीयांना उत्तरही देतो. हे नगर कोणते? पोथीत त्याचे नाव ‘वैदुरा’ असे येते. वैदुरा म्हणजे बेदर. हा राजा दुसरा अल्लाउद्दीन अहमदशहा असावा असा अभ्यासकांचा कयास आहे. दंड करू पाहणारे नगर ‘बेदर’ या उघड्या नावाने ध्यानात राहिले, गुरूंच्या पालखीला सामोरे गेलेले नगर मात्र संस्कृत पेहरावात ओळखूच आले नाही. शिवाय सप्ताहात पन्नासावा अध्याय सातव्या दिवशी येतो; तोवर स्वयंपाकघरात प्रसादाची भांडी वाजू लागलेली असतात.

त्याच पोथीचा कर्ता सरस्वती गंगाधर ग्रंथारंभीच सांगतो की मराठी ही आपली भाषा नव्हे. त्याने पोथीत कानडी पदे घातली आहेत. तरीही गुरूंची कथा सांगायला त्याने मराठीच घेतली, आणि आज ती गाणगापुरापासून गोमंतकापर्यंत सोवळ्यात वाचली जाते. या मासिकाच्या वाचकांना हे उलगडून सांगण्याची गरज नसावी. घरात कोंकणीत पान वाढायचे आणि देवापुढे मराठीत आरती म्हणायची, हे त्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या अंगवळणी पडले आहे. त्यात त्यांना काही विटाळल्यासारखे वाटत नाही. मग भालकीच्या शेतकऱ्याचे मराठी कानडी हेल काढते म्हणून ते ‘अशुद्ध’ का? आमच्याकडे जमिनीचा जुना कागद उर्दूत असतो, साक्षीदार मराठीत बोलतो आणि निकाल कानडीत लागतो. माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) पदे रचली ती मराठीत, कानडीत आणि हिंदीतही. यापैकी एक भाषा खरी आणि बाकीच्या भेसळ, असे त्यांच्या भक्तांना कधी वाटले नाही.

पत्ता हरवण्याचा आणखी एक दाखला माझ्या व्यवसायातला. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटणीचे भांडण महाराष्ट्रातल्या न्यायालयांत ज्या ‘मिताक्षरे’च्या आधारे पिढ्यान्पिढ्या चालले, ती याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका विज्ञानेश्वराने कल्याण येथे लिहिली. कायद्याच्या वर्गात मी हे वाक्य वाचले तेव्हा शेजारचा सोबती लगेच म्हणाला, ‘म्हणजे ठाण्याजवळ!’ ते कल्याण चालुक्य विक्रमादित्याचे (१०७६ ते ११२६), म्हणजे बेदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. ग्रंथाच्या शेवटी विज्ञानेश्वराने त्या नगराची मुक्तकंठाने स्तुती केली आहे, तरी आगगाडीच्या स्थानकाने त्याच्यावर मात केली. पुढल्या शतकात त्याच गावी बसवेश्वरांभोवती शरण जमले.

आमचा प्रदेश म्हणजे केवळ सलोख्याचा बगीचा, असा उलटा समज मला पसरवायचा नाही. १९४८ साली गोरटा गावात रझाकारांनी केलेले हत्याकांड आमच्याकडची घरे विसरलेली नाहीत. आणि त्याच जिल्ह्यात, बेदरजवळच्या अष्टूरला, अहमदशहा वलीच्या उरुसाला कलबुर्गीकडचा लिंगायत जंगम मानाने येतो. कित्येक भाविक त्या सुलतानाला अल्लमप्रभू मानतात. दोन्ही गोष्टी तिथल्याच आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

हे सारे एका कीर्तनकार बुवांना मी सांगून पाहिले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, ‘वकीलसाहेब, बादशहा भला निघाला तर श्रोते रडतील केव्हा?’ मी महीपती उघडून दाखवला. विठू महार निघून गेला आहे, थैली पुढ्यात पडली आहे, आणि राजा दामाजीला पुनःपुन्हा विनवतो आहे की तुझा तो महार मला एकदा भेटव. बुवा पुष्कळ वेळ त्या पानावर होते.