‘कर्नल पॅनिक’: एका एरर मेसेजचं परीक्षण

पुस्तकाचं परीक्षण होतं, शोधनिबंधाचं होतं. आज मी एका एरर मेसेजचं करणार आहे. कारण ही एक ओळ नीट न वाचल्यामुळे माझा अकरा दिवसांचा डेटा गेला. तुम्ही संशोधनाकडे येणार असाल, तर रास्पबेरी पाय किंवा तसलाच छोटा लिनक्स बोर्ड कधी ना कधी तुमच्या टेबलावर येईलच. म्हणून हे तुमच्याही कामाचं आहे.

झालं असं. भिवंडीत आमच्या घराजवळच्या एका यंत्रमाग कारखान्यात मी रास्पबेरी पाय ३ बसवला होता. काम साधं: लूमचा आवाज, तापमान आणि आर्द्रता मोजून दर मिनिटाला मेमरी कार्डावर लिहीत राहायचं. बाराव्या दिवशी सकाळी गेलो तर बोर्डाचा लाल दिवा लागलेला, पण बाकी काहीच हालचाल नाही. स्क्रीन जोडली तेव्हा तळाशी ही ओळ होती: ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’. पुढे कंसात १७९ आणि २ हे आकडे.

शोधाशोध केली. जिकडेतिकडे एकच सल्ला: कार्ड खराब झालंय, पुन्हा फ्लॅश करा. केलं. बोर्ड चालू झाला, जुना डेटा पुसला गेला, आणि पाचव्या दिवशी पुन्हा तीच ओळ समोर! तेव्हा कुठे मी ती शब्द न् शब्द वाचायला बसलो.

आधी तिचा गुण सांगतो. ही ओळ दिसली म्हणजे बरंच काही ठीक आहे. पाय ३ मध्ये आधी चिपमधला रॉम जागा होतो, तो कार्डावरून बूटकोड वाचतो, मग ग्राफिक्स प्रोसेसरचं फर्मवेअर येतं, ते कॉन्फिगच्या फाइली वाचून कर्नल मेमरीत आणतं. पॅनिक लिहायला कर्नलच लागतो, म्हणजे इथपर्यंतची साखळी शाबूत आहे. ती त्याआधीच तुटली तर हिरवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. चार वेळा म्हणजे स्टार्ट नावाची फर्मवेअर फाइल सापडली नाही, सात वेळा म्हणजे कर्नलची फाइल सापडली नाही. अधिकृत माहितीपत्रातला हा तक्ता मला कर्नलच्या मेसेजपेक्षा उजवा वाटतो, कारण तिथे एका खुणेचा एकच अर्थ आहे. पण कर्नल सुरू झाला की तक्ता संपतो, आणि पुढे तुम्ही या ओळीच्या भरवशावर.

आता दोष. ‘नॉट सिंकिंग’ वाचून मला वाटलं होतं की सिंक न झाल्यामुळे बिघाड झाला. तसं नाही. कर्नल सांगतोय की आता माझाच मला भरवसा नाही, म्हणून मेमरीत अडकलेला डेटा मी डिस्कवर लिहिणार नाही. हा बिघाडाचा परिणाम आहे, कारण नव्हे. ‘अननोन-ब्लॉक’ तर त्याहून वाईट. वाचणाऱ्याला वाटतं, कार्ड ओळखताच आलं नाही. प्रत्यक्षात कर्नल त्या टप्प्यावर डिव्हाइसचं नाव न छापता नुसते क्रमांक छापतो आणि त्यांच्यापुढे हे दोन शब्द लावतो. कार्ड ओळखलेलं असलं तरी ‘अननोन’ असतंच.

खरी माहिती त्या दोन आकड्यांत आहे. कर्नलच्या यादीत १७९ हा मेमरी कार्डाचा क्रमांक, आणि इथे २ म्हणजे त्यावरचं दुसरं पार्टिशन. म्हणजे माझं कार्डही सापडलं होतं, पार्टिशनही सापडलं होतं. आतली फाइल सिस्टिम वाचता येत नव्हती. आकडे शून्य, शून्य असते तर गोष्ट वेगळी. तेव्हा रूट कुठे शोधायचं हेच कर्नलला जुळवता आलेलं नसतं, आणि आधी सीएमडीलाइन फाइल तपासायची: पार्टिशनचा आयडी बरोबर आहे का, सगळा मजकूर एकाच ओळीत आहे का. त्यात ‘रूटवेट’ असेल तर पॅनिकही येत नाही. कर्नल न सापडणाऱ्या कार्डाची वाट बघत बसून राहतो.

दोन वेगळे आजार, आणि सल्ला देणारे दोघांनाही एकच औषध देतात. माझी मुख्य तक्रार ही आहे. री-फ्लॅश केल्यावर बोर्ड सुरू होतो, म्हणून सल्ला बरोबर वाटतो. पण त्याने पुरावाही पुसला जातो. बिघडलेलं कार्ड हा तुमचा नमुना आहे. प्रयोगशाळेत अनपेक्षित निकाल आला म्हणून नमुना कोणी बेसिनमध्ये ओतत नाही.

दुसऱ्या वेळी मी आधी लॅपटॉपवर डीडीने कार्डाची हुबेहूब प्रत काढली आणि एफएसके मूळ कार्डावर नाही, त्या प्रतीवर चालवलं. चार दिवसांचा डेटा जवळपास सगळा मिळाला. पहिल्या अकरा दिवसांचंही हेच करता आलं असतं, हे तेव्हा कळलं.

अजून एक सवय लावून घ्या. आपण शेवटच्या ओळीचा फोटो काढतो, पण उत्तर बहुतेकदा तिच्या वरच्या ओळींत असतं. पार्टिशनची यादी, ईएक्सटी४ ची तक्रार, सगळं तिथे. सीएमडीलाइनमधून ‘क्वाएट’ काढा. शक्य असेल तर जीपीआयओ १४ आणि १५ ला ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबल लावा (५ व्होल्टची अजिबात नको), कॉन्फिगमध्ये यूएआरटी चालू करा आणि ११५२०० च्या वेगाने सगळं बोलणं लॅपटॉपवर साठवा. मेसेज दिसत नाहीत ही अडचण कर्नलवाल्यांनीही मान्य केली आहे: २०२४ मध्ये पॅनिकसाठी वेगळी स्क्रीन आणि पुढे क्यूआर कोडची सोय कर्नलमध्ये आली.

मग कार्ड बिघडत का होतं? बोर्डाला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय त्याची नोंद ठेवतो. माझ्याकडे तशी नोंद सापडली. शिवाय कारखान्यात लाइट जाते, येते, आणि आली की सगळे लूम एकदम सुरू होतात. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज तुटली तर शेजारचा जुना डेटाही बिघडू शकतो, कारण कार्ड आतून मोठमोठे ब्लॉक एकदम पुसून लिहितं.

मी छोटा यूपीएस लावला, कार्ड ओव्हरलेने फक्त वाचण्यापुरतं ठेवलं आणि डेटा वेगळ्या पेनड्राइव्हवर वळवला. पाच आठवडे झाले, बोर्ड चालू आहे. पण आता टीका माझ्यावरच: तिन्ही बदल मी एकाच दिवशी केले. त्यामुळे नेमकं कशानं काम झालं, हे मी सांगू शकत नाही. प्रबंधात मी ‘बिघाड थांबला’ एवढंच लिहिणार आहे, ‘कारण सापडलं’ असं नाही. तुम्ही मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी कार्डाची प्रत काढून ठेवा.