कोरडी पांझरा म्हणजे संपलेली पांझरा?

‘नेचर’मधला मेसाजे आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा पेपर जरूर वाचा. जगातल्या नद्यांच्या ५१ ते ६० टक्के लांबीवर वर्षातून किमान एक दिवस प्रवाह थांबतो, असं तो सांगतो. म्हणजे आपली साक्रीकडची पांझरा काही अपवाद नाही. पण हे मॉडेल प्रवाह आहे की नाही एवढंच सांगतं. प्रवाह तुटल्यावर उरलेले डोह त्यात नाहीत. हवेतूनही श्वास घेणारी मरळ अशाच डोहात तग धरते. टिटवी उघड्या गोट्यांत अंडी घालते. तिला तर पात्र कोरडं असलेलंच बरं! तेव्हा पावसाळ्यानंतर एकदा सॅम्पलिंग करून मोकळे होऊ नका. मे महिन्यातही जा, डोह मोजा. डेटाशीटवर नुसतं ‘कोरडी’ लिहिलं, तर उद्या तिथल्या वाळू उपशाला हरकत कशाच्या आधारावर घ्यायची?