‘स्मृतिचित्रें’ आणि देवाची सोबत

संकटांत देव जवळ असतो, हें वाक्य सर्व धर्मांच्या ग्रंथांत आहे आणि सर्वांच्या तोंडीं आहे. म्हणूनच तें वाङ्मयांत खरें करून दाखविणें फार कठीण. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत त्या विश्वासाचें एक रूप घरोघर परिचित आहे. शेगांवच्या गजानन महाराजांवर दासगणूंनीं रचिलेल्या एकवीस अध्यायांच्या ‘श्रीगजाननविजय’ पोथीचें पारायण येथें असंख्य कुटुंबांत होतें. त्या पोथींत भक्तावर संकट येतें, भक्त शरण जातो आणि संकट टळतें. शेगांवाहून जवळच असलेल्या खामगांवांत अलायन्स मिशनच्या परंपरेंतील ख्रिस्ती मंडळी आहे; तिच्या उपासनेला आधार आहे तो निराळ्या वचनाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस ख्रिस्तानें शिष्यांना सदैव सोबत असण्याचें अभिवचन दिलें. संकट टाळण्याचें नव्हे. मग संकट टळलें नाहीं, तर त्या सोबतीचा अर्थ काय? माझ्या समजुतीप्रमाणें या प्रश्नाचा मराठींतील सर्वांत प्रामाणिक विचार एका अल्पशिक्षित बाईच्या आत्मचरित्रांत सांपडतो. तें म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’.

हा ग्रंथ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाला. १९५० सालीं जोसेफिन इंकस्टर यांनीं आणि २०१७ सालीं शांता गोखले यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. ग्रंथाची कीर्ति मुख्यतः त्यांतील घरगुती भाषेवर आणि विनोदावर उभी आहे, व ती सर्वथा योग्य आहे. पण त्या विनोदाकडे बहुतेक टीकाकार केवळ स्वभावगुण म्हणून पाहतात. माझें म्हणणें असें कीं, हा विनोद लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेहून निराळा काढतां येत नाहीं. भय नाहींसें झालेल्या माणसालाच आपल्या दुःखाकडे पाहून असें हंसतां येतें.

धर्मांतराचीं आत्मचरित्रें मराठींत पूर्वींही होतीं. बाबा पदमनजी यांचा ‘अरुणोदय’ १८८८ सालीं निघाला. त्यांत वाचन, वाद आणि शंकानिरसन या पायऱ्यांनीं एक सुशिक्षित मन नव्या धर्माकडे जातें. लक्ष्मीबाईंपाशीं हें साहित्य नव्हतें. त्यांना बेताचें लिहिता-वाचतां येत होतें, तेंही टिळकांनीं शिकविल्यामुळें. म्हणून त्यांच्या ग्रंथांत प्रमाणें नाहींत. त्यांच्या जागीं चूल, पाणी, प्रवास, आजारपणें आणि माणसें आहेत.

ग्रंथाचा आरंभच भयाच्या चित्रानें होतो. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमींत फांशी झाली. त्या प्रसंगाचा धक्का बसून त्यांच्या वडिलांना सोवळ्याचें असें वेड लागलें कीं, घरांत मीठसुद्धां धुऊन घ्यावें लागे. हें वर्णन वाचतांना हंसूं येतें. परंतु त्या घरांतील देव हा सदा रागावलेला, शिवाशिव पाहणारा देव आहे. तोही एका अर्थानें सदैव जवळच असतो. पण त्याची सोबत म्हणजे पहारा होय.

पुढें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लहानग्या दत्तूसह लक्ष्मीबाई एकट्या पडल्या. या ताटातुटीचा कांहीं काळ त्यांनीं पंढरपुरांत काढला. ज्या गांवीं जनाबाईबरोबर दळूं लागणाऱ्या विठ्ठलाची कथा सर्वांच्या तोंडीं, तेथेंच या बाईच्या जात्याला दुसरा हात लागला नाहीं. ग्रंथाचा मोठेपणा हा कीं, लक्ष्मीबाई तसा हात लागल्याचें मागाहूनही सांगत नाहींत. पुढें आपण सुखरूप पार पडलों, तेव्हां देव तेव्हांही पाठीशीं होता, असें लिहिणें किती सोपें होतें! त्यांनीं दुःखाला दुःखच राहूं दिलें आहे.

पतीकडे परत गेल्यावरही त्यांचें पाणी वेगळें आणि चूल वेगळी होती. मग एके दिवशीं त्यांच्या मनांत विचार आला, कीं हे जातिभेद देवानें केले कीं माणसानें? उत्तर मिळालें तेव्हां त्यांनीं सोवळें सोडलें. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण वाङ्मयदृष्ट्या त्यांचें खरें धर्मांतर या विचाराच्या क्षणींच झालें आहे. मीठ धुणाऱ्या घरांतली मुलगी कोणाच्याही हातचें पाणी पिऊं लागली, एवढीच ती घटना. येथें पहारा संपतो आणि सोबत सुरू होते. संकटें मात्र टळलेलीं नाहींत. तीं पुढें चालूच राहतात.

एका ठिकाणीं मात्र हा ग्रंथ वाचकाला स्वस्थ बसूं देत नाहीं. टिळकांची ईश्वरनिष्ठा उत्कट होती यांत शंका नाहीं. हातीं आलेला पैसा ते गरजूंना देऊन मोकळे होत. देव उद्यांची सोय करील हा त्यांचा भरंवसा. १९१७ सालीं तर त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. पण उद्यांची सोय करणारे हात बहुधा लक्ष्मीबाईंचे असत! भरंवसा एकानें ठेवावा आणि त्याचें मोल दुसऱ्यानें द्यावें, हा आमच्या धार्मिक चरित्रांतून नेहमीं दडविला जाणारा व्यवहार येथें उघडा पडला आहे. लक्ष्मीबाई त्याबद्दल तक्रार करीत नाहींत, थट्टा करतात. क्वचित् ही थट्टा फार लवकर क्षमा करते, असें मला वाटतें. टिळकांना विचारावयाचा प्रश्न ती हंसण्यावारीं नेते. ग्रंथाचें हें उणें असेल, तरी तपशील इतके खरे आहेत कीं तो प्रश्न वाचकाला आपणच विचारावा लागतो.

९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस वारले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. त्याचे बहुतेक अध्याय पुढें लक्ष्मीबाईंनीं रचिले. पतीनें शिकविलेल्या अक्षरांनीं पतीचें काव्य पुरें करणारी ही बाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं निवर्तली. चरित्राच्या शेवटल्या भागाची वीण पहिल्या भागांइतकी घट्ट नाहीं. परंतु त्यांतही देवाविषयींचा मोठा शब्द त्या जपूनच वापरतात.

हा ग्रंथ ख्रिस्ती वाचकांनीं आपल्या मताचें प्रमाण म्हणून वाचूं नये, आणि हिंदु वाचकांनीं केवळ गमतीचा म्हणून वाचूं नये. ज्या घरांत आजार हटत नाहीं, कर्ज फिटत नाहीं, किंवा गेलेलें माणूस परत येणार नाहीं, त्या घरांत चमत्काराची कथा कधीं कधीं टोंचते. आपलीच भक्ति कोठें कमी पडली, असें वाटूं लागतें. ‘स्मृतिचित्रें’ तसें वाटूं देत नाहींत. ओझें उतरल्याचें तीं सांगत नाहींत. ओझें घेऊन चालणाऱ्या माणसाचें भय कसें गेलें, तेवढें सांगतात.