यहुदी इतिहासातील युवक-चळवळींचे स्थान

‘युवक-चळवळ’ हा शब्द उच्चारला की अमरावती-अकोल्याकडील वाचकाच्या मनापुढे प्रथम आखाडा उभा राहतो. हे स्वाभाविकच होय. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 साली स्थापिले. त्याचे पथक 1936 च्या ऑलिंपिकप्रसंगी बर्लिनला जाऊन आले. त्याच ऑलिंपिकच्या जर्मन संघातून ग्रेटेल बेर्गमान ही उंच उडीतील निपुण खेळाडू केवळ यहुदी म्हणून वगळली गेली होती. दुर्बल ठरविल्या गेलेल्या समाजाने शरीर कमवावे, हा विचार यहुद्यांतही होता; 1898 च्या बाझल येथील झायनवादी परिषदेत माक्स नोर्डाऊ यांनी त्याचा पुरस्कार केला. या साम्यामुळे यहुदी युवक-चळवळ म्हणजे यहुद्यांचा आखाडाच, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. ते समीकरण अपुरे आहे.

आखाड्यात वस्ताद असतो व त्याचा अधिकार निर्विवाद असतो. 1930 साली अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे मिठाचा सत्याग्रह झाला, त्याचेही नेतृत्व प्रांतिक पुढाऱ्यांकडेच होते. याउलट 1912 साली जर्मनीत निघालेली ‘ब्लाउ-वाइस’ किंवा पहिल्या महायुद्धाच्या काळात गॅलिशिया व व्हिएन्ना येथे आकारास आलेली ‘हाशोमेर हात्साइर’ या संघटनांचे मूलतत्त्व असे की, तरुणांचे नेतृत्व तरुणांनीच करावे. पदभ्रमण, शिबिरे व हिब्रूचे अध्ययन ही त्यांची बाह्यांगे होत. परस्परांवर पूर्ण विश्वास असलेले लहान गट हे त्यांचे खरे बळ होते.

या बळाची कसोटी वॉर्सा येथे लागली. जुलै 1942 मध्ये तेथील यहुद्यांची मृत्युछावणीकडे रवानगी सुरू झाली. नाझींनी नेमलेल्या यहुदी मंडळाचे अध्यक्ष आदाम चेर्निआकूव यांनी 23 जुलै रोजी आत्महत्या केली. पाचच दिवसांनी हाशोमेर हात्साइर, द्रोर व अकिवा या युवक-संघटनांनी सशस्त्र प्रतिकाराची संघटना उभारली. एप्रिल 1943 च्या उठावाचा नेता मोर्देखाय आनिएलेविच हा पंचविशीही न गाठलेला तरुण होता. तथापि या घटनेवरून वडीलधाऱ्यांना भेकड ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांच्यावर कुटुंबांचा व अन्नवाटपाचा भार होता. तरुणांवर तो तितका नव्हता. शिवाय चळवळीचा सारा पूर्वेतिहास उठावाच्या प्रकाशातच वाचला, तर तिच्या शाळा, नियतकालिके व शेतीशिक्षणाची केंद्रे दृष्टिआड होतात.

महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. कोकण किनाऱ्यावरील या मराठीभाषक समाजाला शेजाऱ्यांकडून छळ सोसावा लागला नाही. त्याच्या सुधारणेची सूत्रे प्रौढांच्याच हाती राहिली : हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत 1875 साली शाळा काढली. त्यांनी 1897 साली लिहिलेला व 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला समाजेतिहास प्रथा, वंशपरंपरा व विद्याप्रसार यांना महत्त्व देतो. ‘युवक’ ही स्वतंत्र शक्ती त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. लंडनमध्ये 1929 साली निघालेली ‘हबोनिम’ पुढे मुंबईत आली, ती विद्रोहासाठी नव्हे. हिब्रूचा परिचय आणि इस्राएलकडे स्थलांतराची मानसिक तयारी हे तिचे कार्य झाले. 1951 च्या जनगणनेत भारतातील यहुदी सुमारे 26 हजार होते; आज ते काही हजारांवर आले आहेत. ज्या चळवळीने तरुणांना नवे क्षितिज दाखविले, तीच जुन्या वस्त्या रिकाम्या होण्यासही अंशतः कारण झाली, हे तिच्या मूल्यमापनात नमूद केलेच पाहिजे.

सारांश, युवक-चळवळीचे ऐतिहासिक स्थान तिच्या घोषणांवरून ठरत नाही. भोवतालच्या प्रौढांच्या संस्था कितपत समर्थ राहिल्या, यावर ते ठरते. वॉर्सात त्या कोलमडल्या, म्हणून तरुण निर्णायक झाले. मुंबईत त्या टिकल्या, म्हणून तरुण पूरक राहिले. वऱ्हाडातील आखाड्यांचा इतिहास लिहितानाही सभासदसंख्येआधी हाच प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : निर्णय कोणी घेतले?